इंदूरहून नर्मदेपर्यंत सायकलने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरहून दक्षिणेकडे सायकल काढली की पन्नासेक किलोमीटरांत माळव्याचं पठार संपतं, विंध्याची कड लागते आणि खाली निमाड, म्हणजे नर्मदेचा सखल प्रदेश, पसरलेला दिसतो. जाम दरवाज्यावरून महेश्वर, सिमरोल-बडवाहवरून ओंकारेश्वर आणि धारवरून मांडू, हे तीन रस्ते इथल्या सायकलवाल्यांच्या पायाखालचे. इंदूरच्या रामबागेतून किंवा लोकमान्य नगरातून पहाटे निघून या रस्त्यांना लागू पाहणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं.

इंदूरजवळचे घाट तसे लहानच आहेत. मग इतकी तयारी कशाला?

कारण इथलं गणित उलटं आहे. बहुतेक डोंगरी रस्त्यांवर सकाळी ताज्या पायांनी चढायचं असतं आणि दमल्यावर उतार मिळतो. आपण राहतो वर. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, महेश्वर सुमारे १५० मीटरवर. म्हणजे सकाळी थंडाव्यात उतरायचं आणि नव्वदेक किलोमीटर पाय मारून झाल्यावर, निमाडच्या उन्हात, किमान चारशे मीटर चढायचं. प्रत्यक्षात चढ त्याहून जास्त भरतो, कारण जामची कड इंदूरपेक्षा उंच आहे.

निघायची वेळ, पाणी, गिअर, किती खाली उतरायचं, हे सगळं परतीच्या चढावरून ठरवा. घाट उतरताना मजा येते आणि पुढे मंडलेश्वरपर्यंत सायकल आपसूक पळते. नेमकं तिथेच अंगातला जोर खर्च होतो.

पहिल्यांदा जायचंय. कोणता रस्ता धरावा?

महूवरून जाम दरवाजा, आणि तिथूनच परत. राजवाड्यापासून महू सुमारे २३ किलोमीटर, पुढे बडगोंद्यावरून जाम साधारण तेवढंच. जाऊन-येऊन शंभराच्या आसपास होतात. महूपर्यंत रहदारी आहे. महू सोडलं की गव्हाची-सोयाबीनची शेतं, छोटी गावं आणि सौम्य चढउतार.

जामचा दरवाजा अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधला. महेश्वरहून पठारावर येणारी वाट इथेच वर निघते, म्हणून दरवाजाही बरोबर कडेवर आहे. त्याच्या उत्तरेला पडणारं पाणी चंबळ, यमुना, गंगा असं फिरत बंगालच्या उपसागराला मिळतं. दक्षिणेला पडणारं नर्मदेतून अरबी समुद्राला. पहिल्या वेळी दरवाज्याजवळ थांबा, खालची वळणं नीट पाहा आणि मागे फिरा. घाट पुढच्या खेपेला. पावसाळ्यातल्या रविवारी मात्र आठच्या आत पोहोचा; नंतर मोटारी कडेपर्यंत उभ्या राहतात आणि सायकलला वाट उरत नाही.

महेश्वरला आग्रा-मुंबई रस्त्याने का जाऊ नये? तो तर रुंद आहे.

मानपूरच्या पुढे तो रस्ताही विंध्य उतरतो, आणि भरलेले ट्रक उतारावर ब्रेक निकामी होऊन पुढच्या गाड्यांवर जाण्यासाठी हा घाट कुप्रसिद्ध आहे. मागून येणाऱ्या ट्रकचा ब्रेक लागत नसेल तर सायकलवाल्याच्या हातात काही उरत नाही. राऊ ते मानपूर कडेच्या पट्ट्यावरून चालवायला हरकत नाही. जानापाव चढायचा असेल तर तोच रस्ता घ्यावा लागतो. घाटासाठी जामचाच रस्ता बरा.

जानापावचं नाव निघालं म्हणून: सुमारे ८५० मीटर उंचीचा हा डोंगर चंबळेचं उगमस्थान. शेवटचा चढ छोटा पण चांगलाच उभा आहे. महेश्वरच्या परतीला पाय पुरतील का, हे आधी तिथे तपासा. लागोपाठ दोनदा, सायकलवरून पाय न टेकता, चढता आला, तर जाम घाट चढाल.

गिअर कोणते असावेत?

स्वार, सायकल आणि पाणी मिळून ८५ किलो धरू. बरा सराव असलेला माणूस चढावर तासभर सुमारे १५० वॅट ताकद टिकवू शकतो. एवढ्या ताकदीत पाच टक्क्यांच्या चढावर वेग पडतो ताशी ११ किलोमीटर, आणि आठ टक्क्यांवर साडेसात. साडेसातच्या वेगाला पाय मिनिटाला किती फिरतील ते पाहा:

पुढे ३९ आणि मागे २५ दात: ३८ फेरे
पुढे ३४ आणि मागे २८ दात: ४९ फेरे
पुढे ३४ आणि मागे ३४ दात: ६० फेरे
पुढे २८ आणि मागे ३२ दात (तीन चकत्यांची हायब्रिड): ६८ फेरे

पन्नासच्या खाली फेरे गेले की प्रत्येक पायडल ढकलावं लागतं. सगळा भार गुडघ्यावर येतो आणि नव्वद किलोमीटरनंतर मांडीत गोळे येतात. म्हणून इथे मागे किमान ३२ दातांची चकती हवी, ३४ असेल तर उत्तम. मोठी कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बसवण्याआधी मागचा डिरेल्यर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, तेवढे दात पेलतो का ते पाहा. आखूड पिंजऱ्याचे जुने डिरेल्यर बहुधा २८ किंवा ३० दातांपर्यंतच चालतात. कॅसेट बदलली की चेनही त्या मापाची लागते. जुनी आखूड चेन मोठी पुढे-मोठी मागे अशी जोडी लागताच ताणून हँगर (डिरेल्यर फ्रेमला जोडणारा तुकडा) मोडते.

तुमच्या तीन चकत्यांच्या हायब्रिडला कमी लेखू नका. या घाटात ती कित्येक महागड्या रोड सायकलींपेक्षा सुखाने चढते.

घाट उतरताना ब्रेक तापतात म्हणतात. खरंच धोका आहे का?

आहे, विशेषतः रिमवर घासणाऱ्या ब्रेकना. ८५ किलो वजन चारशे मीटर खाली येताना सुमारे ३३० किलोज्यूल ऊर्जा सुटते. घरातल्या नळाचं एक लिटर पाणी उकळायला साधारण तेवढीच लागते. वेगात असताना यातली बरीच हवा खाते. ब्रेक हलका दाबून धरत, भीतभीत, सावकाश उतरणाऱ्याची जवळजवळ सगळीच ब्रेकमध्ये जाते. रिम तापतो, आतली हवा फुगते, ट्यूब वॉल्व्हपाशी सुटते किंवा टायर रिमवरून उचलला जातो. पुढचं टायर वळणावर असं गेलं तर सावरायला वेळ नसतो.

म्हणून वळणाआधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग पाडा, मग पूर्ण सोडा. वळणात ब्रेक नको. हात खालच्या हँडलवर, बोटं लिव्हरवर, आतल्या बाजूचं पायडल वर, बाहेरचं खाली आणि त्यावर भार. मध्ये दोनदा थांबा. रिमजवळ बोट नेऊन पाहा. धग लागली तर पाच मिनिटं सावलीत उभे राहा. तापलेल्या रिमवर पाणी ओतू नका. डिस्क ब्रेकच्या चकतीलाही हात लावू नका, भाजतो.

निघण्याआधी ब्रेक पॅडवरच्या खाचा दिसतात का ते बघा. पुसट झाल्या असतील तर पॅड बदलूनच निघा. पॅडमध्ये रुतलेले ॲल्युमिनियमचे चकचकीत कण सुईने काढा, नाहीतर ते रिम कोरत राहतात. वळणावर गिट्टी सांडलेली असते, आणि ती बहुधा वळणाच्या बाहेरच्या कडेला गोळा होते, कारण गाड्यांची चाकं ती तिकडे फेकतात.

कोणत्या महिन्यात जावं? किती वाजता निघावं?

महेश्वरला एका दिवसात जाऊन यायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. होळीनंतर निमाडात दुपार सोसत नाही, आणि मे महिन्यात खरगोनचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. उन्हाळ्यात जामपर्यंत जाऊन दहाच्या आत घरी, एवढंच ठेवा.

थंडीत साडेपाचला निघा. महूपर्यंत अंधार असतो, पण रस्ता जागा असतो. उजाडताना महूच्या पुढे असाल. महूच्या माळावर पारा कधी दहाच्या खाली असतो आणि निमाडात दुपारी घाम येतो. तेव्हा एक जाड जाकीट घेऊ नका, पातळ थर घाला. घाट उतरण्याआधी छातीवर, जर्सीच्या आत, वर्तमानपत्राची दुहेरी घडी घाला. घामेजलेल्या अंगाला वारा लागत नाही, आणि खाली पोहोचल्यावर कागद टाकून देता येतो. विंडचीटरचं ओझं दिवसभर वाहावं लागतं.

महेश्वरातून साडेदहाच्या आत परत फिरा. नदीच्या घाटावर तास-दीड तास मिळतो. कमी वाटत असेल तर मुक्काम करा.

आणखी एक. होळीच्या आधीच्या आठवड्यात धार, झाबुआ, बडवानी, खरगोनकडे आदिवासींचे भगोरियाचे हाट (जत्रेसारखे बाजार) भरतात. त्या दिवसांत हाटाच्या गावांत रस्ता माणसांनी आणि ट्रॅक्टरांनी भरलेला असतो. बघायला जरूर जा, पण वेळेचा हिशोब सोडून.

किती पाणी आणि काय खायला न्यावं?

थंडीत ताशी अर्धा ते पाऊण लिटर, उन्हात लिटरभर. साडेसातशेच्या दोन बाटल्या हव्याच. घाट चढण्याआधीच्या शेवटच्या गावात दोन्ही काठोकाठ भरा. चढावर पाण्याचा भरवसा नाही आणि तिथेच सगळ्यात जास्त लागतं.

ओआरएसची लिटरची पुडी साडेसातशेच्या बाटलीत पूर्ण टाकू नका. पाऊणच टाका. गाढ झालं तर पोटात ढवळतं आणि पाणी अंगी लागायला उशीर होतो.

खाण्याचा नियम सोपा: भूक लागायच्या आधी खा. तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. घरच्या दशम्या या कामाला फार चांगल्या: दुधात भिजवलेल्या, गुळाच्या, दुसऱ्या दिवशीही मऊ, खिशात चुरा होत नाही. पातळ लाटा, चौकोनी तुकडे कापा, बटर पेपरात दोन-दोन गुंडाळा, म्हणजे एका हाताने सोलता येतात. गूळ-शेंगदाण्याचा लाडू सपाटीवर ठीक. चढावर नको, तेल पचायला वेळ लागतो.

पोहे-जलेबी जाताना महूत खुशाल खा. दाल-बाफले मात्र परत आल्यावर. तुपात बुडवलेले बाफले खाऊन कुणालाही घाट चढवत नाही.

पंक्चर फार होतात का? काय सामान ठेवावं?

इकडे दोनच गोष्टी जास्त नडतात: बाभळीचा काटा आणि गोखरू. कडेच्या बाभळी छाटल्या की फांद्या रस्त्यावर ओढत नेतात आणि काटे तिथेच राहतात. काटा टायरच्या आत मोडतो, बाहेरून दिसत नाही. ट्यूब बदलून लगेच हवा भरली की दहा मिनिटांत नवी ट्यूबही जाते. म्हणून टायरच्या आतून सुती रुमाल फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काट्याचं टोक असतं. ते बाहेरून आत ढकलून नखांनी किंवा चिमट्याने उपटा. एक जागा सापडली म्हणून थांबू नका, पूर्ण वेढा फिरवा.

दोन ट्यूब, पॅच, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, चेन तोडायच्या सोयीचं मल्टिटूल, तुमच्या चेनच्या मापाची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), एक जास्तीचा हँगर आणि टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा. कार्बन डायऑक्साइडची कुपी असली तरी पंप हवाच. कुपी एकदाच चालते.

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी वस्तू म्हणजे पितळी वॉल्व्ह अडॅप्टर. रोड सायकलच्या बारीक प्रेस्टा वॉल्व्हवर गावातल्या पंक्चरवाल्याचं नोझल बसत नाही. प्रेस्टाचं टोक उघडून अडॅप्टर फिरवला की मोटारसायकलच्या वॉल्व्हसारखा होतो आणि कोणत्याही दुकानात हवा मिळते. कंप्रेसर असेल तर थोडी थोडी भरायला सांगा, अंगठ्याने दाबून पाहत. ७०० च्या मापाची ट्यूब महूच्या पुढे मिळेल असं धरू नका.

टायर २८ किंवा ३२ मिलिमीटर. काळ्या मातीवरचे रस्ते उन्हाळ्यात माती आकसली की बसतात आणि पावसात फुगतात, त्यामुळे डांबर लाटांसारखं होतं. २३ च्या टायरवर पाठ आणि मनगटं दोन्ही दुखतात. हवेचा दाब ७० किलोच्या स्वाराने २८ मध्ये पुढे ६५-७० आणि मागे ७०-७५ पीएसआय, ३२ मध्ये ५० ते ६० ठेवावं.

पावसाळ्यात जावं का?

जामपर्यंत जावं. त्या दिवसांत तिथे ढग दरवाज्यातून आरपार जातात. घाटात उतरू नये: धुकं, ओला उतार, वरून सुटलेले दगड.

शेतातून बाहेर पडणारे ट्रॅक्टर काळी माती डांबरावर सोडतात. ओली असताना ती साबणासारखी निसरडी असते आणि ब्रेक व टायरच्या फटीत भरून चाक अडवते. असा पट्टा दिसला की ब्रेक नको, वळण नको, सरळ घसरू द्या. रपट्यावरून (ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर घोटाभर दिसलं तरी ओलांडू नका. खालचं काँक्रीट शेवाळलेलं असतं आणि कडेला कठडा नसतो. थांबा. लहान ओढ्याचं पाणी लवकर उतरतं.

पातालपाणीला जात असाल तर धबधब्याच्या वरच्या पात्रात पाय ठेवू नका. पाऊस तुमच्या डोक्यावर नसला तरी वरच्या भागात पडलेला असतो आणि लोंढा अचानक येतो. जुलै २०११ मध्ये तिथे असेच जीव गेले. तिकडे जाताना रेल्वेचे रूळ काटकोनातच ओलांडा. तिरपं चाक ओल्या रुळावर हमखास घसरतं.

मांडू एका दिवसात होतं का?

जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास. होतं, पण मांडू बघून होत नाही. एक रात्र राहा.

बेटमा, घाटाबिल्लोदवरून धारपर्यंत रस्ता सरळ आणि वाहता. त्यात विशेष काही नाही, वारा मात्र तोंडावर येऊ शकतो. खरा रस्ता धारच्या पुढे पस्तीस किलोमीटर. नालछा गेलं की दऱ्या सुरू होतात, आणि एकामागून एक दरवाज्यांतून चढत किल्ल्यात शिरता. दरवाज्यांची कमान अरुंद, वळण आंधळं. घंटी वाजवत जा. कडेला फुगलेल्या खोडाची गोरखचिंचेची झाडं दिसतात, आणि तिचीच फळं ‘मांडूची चिंच’ म्हणून विकायला असतात. आतला आंबट गर पाण्यात कालवून प्या, उन्हात छान लागतं.

सायकल जहाज महालाशी सोडू नका. थेट रूपमतीच्या मंडपापर्यंत न्या. तिथून निरभ्र सकाळी खाली निमाड आणि लांबवर नर्मदेची रेघ दिसते.

ओंकारेश्वरचा खंडवा रस्ता कसा आहे? दोन दिवसांची फेरी करता येईल का?

सिमरोल, भेरूघाट, चोरल, बलवाडा, बडवाह आणि मोरटक्क्याचा पूल असा सुमारे ऐंशी किलोमीटरचा रस्ता. जंगल सुरेख, पण रहदारी जड आणि रुंदीकरणामुळे रस्त्याचं रूप बदलत राहतं. काम चालू असेल तिथे खडीवरून उतरताना वेग माणसाच्या धावण्याएवढाच ठेवा. श्रावणातले सोमवार टाळा. नर्मदेला पूर आला की मोरटक्क्याचा पूल बंद होतो.

फेरी अशी करा: पहिल्या दिवशी जामवरून महेश्वर, मुक्काम. दुसऱ्या दिवशी मंडलेश्वरवरून नदीच्या उत्तर काठाने बडवाह, तिथून चोरल-सिमरोल करत इंदूर. दुसरा दिवस एकशे दहा किलोमीटरांच्या पुढे जातो. पण चढ एकदम अंगावर येत नाही, टप्प्याटप्प्याने येतो, आणि मध्ये चहाची ठिकाणं आहेत. महेश्वर उजाडताच सोडा.

काठच्या रस्त्यावर परिक्रमावासी चालत असतात, पाठीवर झोळी, हातात काठी. मागून घंटी वाजवून दचकवू नका. लांबूनच ‘नर्मदे हर’ म्हणा. ते वळून तसंच म्हणतात आणि बाजूला होतात. कपाशीच्या दिवसांत ट्रॉल्यांमधून कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो आणि चालकाला मागचं काही दिसत नाही. पुढे जायची घाई करू नका.

चढवलं नाही तर?

उतरून सायकल ढकला. चढ ढकलत गेल्याने काही बिघडत नाही. तेही जमेना तर धामनोद किंवा बडवाह गाठा आणि इंदूरची बस पकडा. टपावर सायकल घेतात, भाडं आधी ठरवा. स्वतः वर चढून ठेवा: डिरेल्यरची बाजू वर, मागे सगळ्यांत मोठ्या चकतीवर चेन, फ्रेम आणि टप यांमध्ये दुमडलेला रुमाल, आणि पुढचं चाक दोरीने फ्रेमला बांधलेलं, नाहीतर वाऱ्याने ते गरगरत राहतं.

गोळे येऊ लागले तर त्याच वेळी थांबा. पाणी, मीठ, दहा मिनिटं सावली. डोकं दुखायला लागून घाम येणं थांबलं असेल तर चढायचं नाही. अंगावर पाणी घ्या, सावलीत पडा आणि मदतीसाठी फोन लावा.

कुत्री, माकडं, बिबटे?

कुत्रं मागे लागलं तर उतरा आणि सायकल मध्ये धरा. चाक थांबलं की बहुतेकांचा उत्साह संपतो. जामला माकडं असतात, हँडलवरची केळ्याची पिशवी नेतात. महू-चोरलच्या जंगलात बिबटे आहेत, म्हणून अंधारात घाटात नको.

परत आल्यावर सायकलचं काय करावं?

पावसाळी फेरीनंतर त्याच संध्याकाळी धुवा. काळी माती वाळली की सिमेंटसारखी धरते. जोराच्या फवाऱ्याने नको, बादली आणि मऊ ब्रशने, वरून खाली. हब आणि क्रँकच्या बेअरिंगवर थेट धार सोडू नका. चेन केरोसीनच्या फडक्याने पुसा, वाळू द्या, प्रत्येक रोलरवर तेलाचा एक थेंब, दहा मिनिटांनी बाहेरचं तेल पूर्ण पुसा. बाहेर राहिलेल्या तेलावर धूळ बसून तीच चेन खाते. महिन्यातून एकदा चेन गेजने मोजा: अकरा-बारा चकत्यांच्या चेनला ०.५ टक्के, आठ ते दहाच्या चेनला ०.७५ टक्के ताण आला की बदला. उशीर केला तर कॅसेटही घासते, आणि नवी चेन त्या घासलेल्या दातांवरून नेमकी चढावर निसटते.